केरळ सहलीतल्या सात तक्रारी: आयोगासमोर नेण्याजोग्या कोणत्या आणि सोडून देण्याजोग्या कोणत्या

प्रश्न: आम्ही सांगलीचे सहा जण गेल्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका सहल कंपनीबरोबर केरळला गेलो. माणशी 32,000 रुपये भरले, त्यात मुंबई-कोची विमानभाडेही होते. मुन्नारला कार्यक्रमपत्रिकेत नाव दिलेल्या हॉटेलाऐवजी गावापासून 14 किलोमीटरवरच्या हॉटेलात उतरवले. एराविकुलम राष्ट्रीय उद्यान बंद निघाले. ठेक्कडीला कथकलीचे माणशी 500 रुपये जागेवर घेतले; पत्रिकेत तो कार्यक्रम पॅकेजमध्येच होता. अलेप्पीला हाउसबोटीवर मुक्काम ठरला होता, त्याऐवजी दोन तास साध्या बोटीतून फिरवून हॉटेलवर नेले. घाटात एसी बंद, जेवण रोज एकाच चवीचे. परतीचे विमान पाच तास उशिरा सुटले, त्यामुळे मुंबईहून सांगलीची बस चुकली आणि नवी तिकिटे दुप्पट दराने घ्यावी लागली. कंपनी म्हणते, ‘कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ असे अटींत लिहिलेले आहे. पाच लाख रुपये भरपाई मागावी असे घरच्यांचे मत आहे. मागावी का? आणि एकूणच बस, विमान, सिनेमागृह यांच्याविरुद्ध सामान्य माणसाने तक्रार करण्यात काही अर्थ असतो का?

उत्तर: तुमच्या सात तक्रारींपैकी हाउसबोट, कथकली आणि एराविकुलम या तीन पक्क्या आहेत. मुन्नारचे हॉटेल आणि विमानाचा उशीर या दोन पुराव्यावर अवलंबून आहेत. एसी आणि जेवण या दोन माझ्या मते आजच कागदावरून खोडून टाकाव्यात. ग्राहक आयोगात प्रवासाची प्रकरणे चालवताना मला वारंवार दिसते ते असे, की तक्रारदार पहिल्या पानावर सांबारातल्या मिठापासून सुरुवात करतो आणि एका रात्रीचा मुक्कामच मिळाला नाही हे चौथ्या पानावर ओझरते सांगून जातो. सामनेवाल्याचे वकील मग सांबारावरच युक्तिवाद करतात, आणि तो त्यांना सोपा जातो. कायदा ज्या गोष्टीला ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतो तिच्यासाठी दोनच प्रश्न विचारावे लागतात: जे कबूल केले होते ते दिले का, आणि नियमाने जे द्यायलाच हवे होते ते दिले का? या दोन्ही प्रश्नांत न बसणारी नाराजी कितीही खरी असली तरी तक्रारअर्जात तिला जागा देऊ नये, कारण ती शेजारच्या पक्क्या मुद्द्याचे वजन कमी करते.

हाउसबोटीपासून सुरुवात करू, कारण तुमचे प्रकरण मुख्यतः तिच्यावर उभे राहील. पत्रिकेत ‘हाउसबोटीवर एक रात्र, तिन्ही जेवणांसह’ असे लिहिले असेल आणि प्रत्यक्षात दोन तासांची फेरी व हॉटेलची खोली मिळाली असेल, तर ती किरकोळ बदलात मोडत नाही. विकलेली वस्तू बदलून दुसरी हाती दिल्याचा हा प्रकार आहे. कंपनी बहुधा असे म्हणेल, की स्थानिक एजंटाने ऐन वेळी बोट दिली नाही. तो तिचा आणि एजंटाचा आपसातला हिशेब आहे. तुम्ही पैसे कंपनीला दिले, पावती तिची आहे, करार तिच्याशी आहे. त्यामुळे बोटवाला, हॉटेलवाला, गाडीवाला यांच्या चुकांना तुमच्यापुरती तीच जबाबदार राहते. अलेप्पीच्या त्या एजंटाला पक्षकार करण्याच्या भानगडीत पडू नका, कारण त्याला नोटीस बजावण्यातच तारखा निघून जातात.

इथे एक इशारा देतो. हाउसबोट मिळूनही नाराज झालेले प्रवासी माझ्याकडे येतात. बोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला बांधून ठेवली आणि एसी फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा चालला, ही त्यांची तक्रार असते. केरळच्या बॅकवॉटरमध्ये अंधार पडल्यावर मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, म्हणून हाउसबोटी संध्याकाळी उभ्या करतात. एसीची ती वेळही साध्या पॅकेजमध्ये सर्रास असते आणि बहुतेक पत्रिकांत बारीक अक्षरांत छापलेली असते. तिथे त्रुटी सिद्ध होत नाही. तुमच्या प्रकरणात मुक्कामच झाला नाही, म्हणून ते वेगळे आहे.

एराविकुलमचा मुद्दा तुम्ही एका वाक्यात उरकला आहे, पण माझ्या दृष्टीने तो फार बोलका आहे. नीलगिरी ताहर या रानशेळ्यांच्या विणीसाठी हे उद्यान दर वर्षी साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये पर्यटकांना बंद असते. मुन्नारच्या सहली वर्षानुवर्षे विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नव्हते असे कोणीही मानणार नाही. दरड कोसळून रस्ता बंद झाला असता तर ‘आमच्या हाताबाहेरचे कारण’ हा बचाव चालला असता. दर वर्षी येणारा विणीचा हंगाम मात्र हाताबाहेरचे कारण होऊ शकत नाही. जे ठिकाण त्या तारखांना पाहता येणार नाही हे माहीत असूनही पत्रिकेत छापले, ते गिऱ्हाईक ओढण्यासाठीच छापले, असा युक्तिवाद इथे करता येतो. त्याला कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणतात आणि ती साध्या त्रुटीपेक्षा गंभीर धरली जाते. सहल ठरवताना पाठवलेली पत्रिका आणि निघण्यापूर्वी पाठवलेली पत्रिका या दोन्ही जपून ठेवा. दुसरीतून एराविकुलम गुपचूप गाळले असेल तर कंपनीला आधीच कल्पना होती हे तिच्याच कागदावरून दिसेल.

कथकलीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पत्रिकेत ‘समाविष्ट’ आणि हातात 500 रुपयांची सहा तिकिटे, एवढ्यावर 3,000 रुपये परत मिळायला हवेत. तिकिटे टाकून दिली असतील तर यूपीआयची नोंद शोधा. रोख दिले असतील तर त्या दिवशी ग्रुपवर कोणी त्याबद्दल लिहिले होते का ते पाहा.

आता मुन्नारचे हॉटेल आणि त्यासोबत कंपनीचे ते लाडके वाक्य. पत्रिकेत हॉटेलच्या नावापुढे बहुधा ‘किंवा त्याच दर्जाचे’ असे लिहिलेले असते. तसे असेल तर हॉटेल बदलणे हाच दोष ठरत नाही. बदललेले हॉटेल दर्जाने खालचे होते हे तुम्हाला दाखवावे लागते. गावापासून 14 किलोमीटर हे अंतर तेव्हाच महत्त्वाचे, जेव्हा पत्रिकेत ‘मुन्नारमध्ये’ असे म्हटले होते आणि त्या अंतरामुळे एखादे ठिकाण पाहायचे राहिले किंवा रोज तास-दीड तास गाडीत गेला. दोन्ही हॉटेलांचे त्याच हंगामातले दर बुकिंगच्या ॲपवरून काढा आणि स्क्रीनशॉट ठेवा. प्रत्येक खोलीमागे रात्रीचे 1,500 रुपये तफावत दिसली तर तुमच्या हाती आकडा आला. दर सारखेच निघाले तर हा मुद्दा सोडून द्या.

‘कार्यक्रमात बदल होऊ शकतो’ या अटीला लोक उगाच घाबरतात. अशी अट हवामान, संप, रस्ता बंद अशा कारणांसाठी असते. कंपनीला काहीही बदलण्याची आणि बदलले तरी पूर्ण पैसे ठेवून घेण्याची सरसकट सनद म्हणून ती वापरता येत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अवाजवी अटींसाठी ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र तरतूद आहे आणि इंटरनेटवर वाचून अनेक जण तीच अर्जात घालतात. मात्र त्या तरतुदीखालची तक्रार राज्य आयोगापुढे चालते. जिल्हा आयोगाच्या अधिकारांत तिचा उल्लेख नाही. तुमच्यासारख्या रकमेसाठी राज्य आयोगात जाणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून अर्ज सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन पायांवर उभा करा आणि त्या अटीला उत्तर युक्तिवादात द्या.

घाटात एसी बंद ठेवणे हा या धंद्यातला जुना रिवाज आहे. चढावर गाडीच्या इंजिनावर ताण येतो म्हणून चालक तो बंद करतात आणि पत्रिकेत तसे छापलेलेही असते. रोज एकाच चवीच्या जेवणाबद्दल मला सहानुभूती आहे, पण ती आयोगाकडून मिळणार नाही.

विमानाच्या बाबतीत लोकांचा एक गैरसमज आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत रोख भरपाई ठरवली आहे ती मुख्यतः विमान आयत्या वेळी रद्द झाल्यास किंवा तिकीट असूनही चढू न दिल्यास. रद्द झाल्यास उड्डाणाच्या कालावधीनुसार 5,000, 7,500 किंवा 10,000 रुपये, अथवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. आणि तेही कारण कंपनीच्या आवाक्यातले असेल तर. नुसत्या उशिरासाठी अशी रक्कम ठरलेली नाही. मुंबई-कोचीसारख्या प्रवासात दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाणेपिणे मोफत द्यावे लागते आणि उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतला एक पर्याय द्यावा लागतो. तुमचा उशीर पाच तासांचा, म्हणजे हक्क खाण्यापिण्याचा. ते मिळाले नसेल आणि तुम्ही विमानतळावर स्वतःच्या पैशाने जेवला असाल तर ती बिले मागणीत धरा.

चुकलेल्या बसचे काय? ते तिकीट तुम्ही स्वतंत्रपणे काढले होते, त्यामुळे विमान कंपनी सरळ हात वर करील. तरीही दार पूर्ण बंद नाही. रेल्वेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2021 मध्ये असे म्हटले आहे, की उशीर का झाला आणि तो टाळणे आपल्या हाती नव्हते हे वाहतूकदाराने दाखवावे. ते दाखवता आले नाही तर त्याने भरपाई द्यावी. अजमेर-जम्मू गाडी चार तास उशिरा पोहोचल्यामुळे त्या कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले होते, आणि टॅक्सीचे 15,000 रुपये धरून त्यांना भरपाई मिळाली. तुम्ही आज एवढेच करा: विमान कंपनीला ईमेल पाठवून उशिराचे लेखी प्रमाणपत्र, कारणासह, मागा. कारण धुके किंवा हवाई वाहतूक नियंत्रण असे आले तर विषय संपला. ‘परिचालनविषयक कारण’ असे मोघम उत्तर आले तर मुद्दा ठेवा.

पाच लाखांच्या मागणीला माझा विरोध आहे. एक गोष्ट खरी, की आयोगाचे शुल्क आणि अधिकारक्षेत्र तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर ठरते, मागणीवर ठरत नाही. तुमचा मोबदला 1,92,000 रुपयांचा. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि 50 लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात. त्यामुळे जास्त मागायला खर्च येत नाही, आणि म्हणूनच लोक मागतात. पण 1,92,000 च्या सहलीत सहा दिवस फिरून, बहुतेक ठिकाणे पाहून आलेला माणूस पाच लाख मागतो, तेव्हा आयोगाचे पहिले मत त्याच्याविरुद्ध बनते. मानसिक त्रासापोटी अशा प्रकरणांत सहसा काही हजारच मंजूर होतात. त्यापेक्षा हाउसबोटीच्या रात्रीचे त्या हंगामातले भाडे वजा हॉटेलच्या खोल्यांचे भाडे, कथकलीचे 3,000, हॉटेलमधली तफावत, विमानतळावरची बिले, अशी ओळीने बेरीज मांडा; तिच्याखाली त्रासापोटी आणि खर्चापोटी वेगळी, वाजवी रक्कम लिहा. ज्या आकड्यामागे कागद आहे तो आयोगाला कापता येत नाही.

आता पुराव्याबद्दल. सहलीत असतानाच पाठवलेला एक संदेश परतल्यावर लिहिलेल्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. चांगल्या संदेशाचा नमुना असा: ‘आज 17 तारखेला दुपारी 3.20 वाजता आम्हाला अलेप्पी येथे हाउसबोटीऐवजी साध्या बोटीत बसवण्यात आले. पत्रिकेतील पाचव्या दिवसानुसार हाउसबोटीवर मुक्काम कबूल आहे. आम्हाला हा बदल मान्य नाही. पर्यायी व्यवस्था किंवा परतावा याबाबत आज रात्री 8 पर्यंत कळवावे.’ यात राग नाही, विशेषणे नाहीत. वेळ, ठिकाण, कबूल केलेली गोष्ट, मिळालेली गोष्ट आणि मागणी एवढेच आहे. तुमच्यापैकी कोणी त्या दिवशी टूर मॅनेजरला असे काही लिहिले असेल आणि त्याने ‘सर, उद्या ॲडजस्ट करतो’ असे उत्तर दिले असेल, तर ते उत्तर सोन्यासारखे जपा. ग्रुपमधून बाहेर पडू नका, फोन बदलू नका, मूळ फोटो काढून टाकू नका. स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 खालचे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारे प्रमाणपत्र सोबत द्या, म्हणजे सामनेवाल्याला त्यावर फाटे फोडता येणार नाहीत. उलट, शेवटच्या दिवशी कंपनीने भरून घेतलेल्या अभिप्राय पत्रकावर तुमच्यापैकी कोणी ‘उत्तम सहल’ लिहून सही केली असेल तर ते मला आधी सांगायला हवे. दहा जणांतले निदान पाच जण भिडेखातर तसे लिहितात आणि ते पत्रक पहिल्याच तारखेला समोर येते.

यापुढचा मार्ग सरळ आहे. कंपनीला स्पीड पोस्टने आणि ईमेलने पत्र पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्या. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करा. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावरच हिशेब मिटवतात. न मिटल्यास ई-जागृती संकेतस्थळावरून सांगलीच्याच जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. अटींत ‘फक्त मुंबई न्यायक्षेत्र’ असे कितीही ठळक छापलेले असले तरी 2019 च्या कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. मुदत दोन वर्षांची आहे आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढत नाही. ‘साहेब परदेशी गेलेत, पुढच्या महिन्यात बघू’ असे ऐकत मुदत घालवलेले लोक मी पाहिले आहेत. कायद्यात तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, हे धरून चला. मात्र विरुद्ध निकालावर अपील करायचे तर कंपनीला निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून लहान रकमांच्या बाबतीत अपिलाची हौस सहसा राहत नाही.

तुमच्या शेवटच्या व्यापक प्रश्नालाही तीच कसोटी लावतो. बसची नवी तिकिटे दुप्पट दराने घेतली म्हणता, ती खासगी बसची होती का? महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल 2018 च्या निर्णयानुसार खासगी बसला तशाच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. गणपती-दिवाळीत हा नियम कसा धाब्यावर बसवला जातो ते सर्वांना ठाऊक आहे, पण तक्रारी कमी येतात, कारण प्रवासी आपल्या आधीच्या तिकिटाशी तुलना करतो. तुलना एसटीच्या त्या दिवशीच्या भाड्याशी करा. दीडपट ओलांडली असेल तर तिकीट जोडून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे तक्रार द्या. तुमचे आधीचे तिकीट फार स्वस्तात मिळाले असेल तर त्याच्या दुप्पट दरही मर्यादेत बसू शकतो, हे लक्षात ठेवा.

सिनेमागृहांबाबत लोकांना कायद्याकडून जास्त अपेक्षा असते. पॉपकॉर्न महाग आहे ही नाराजी आहे, बेकायदा नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा मालकांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये मान्य केला. मात्र पिण्याचे शुद्ध पाणी मोफत मिळाले पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे खाणे वाजवी प्रमाणात आणू दिले पाहिजे, हेही त्याच वेळी सांगितले. म्हणून पाण्याचा नळ बंद असेल तर जरूर तक्रार करा. ऑनलाइन तिकिटावरचे सुविधा शुल्क रोखणारे राज्य शासनाचे 2013 आणि 2014 चे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये रद्द केले, त्यामुळे आज तिथेही ‘शुल्क घेतलेच कसे’ हा वाद टिकत नाही. ते अगदी शेवटच्या पडद्यावर का दाखवले, हा वाद मात्र टिकतो. जाहिरातींच्या बाबतीत बेंगळुरूच्या ग्राहक आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये सुमारे 25 मिनिटांच्या जाहिरातींबद्दल एका प्रेक्षकाला भरपाई दिली, पण पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. या निकालाची कात्रणे अजून समाजमाध्यमांवर फिरतात, स्थगितीची फिरत नाहीत.

बुकिंगच्या ॲपवर मात्र ग्राहकाची बाजू लोकांना वाटते त्याहून भक्कम आहे. आधीच खूण करून ठेवलेला विमा, ‘फक्त दोनच जागा शिल्लक’ अशी खोटी घाई, शेवटच्या पडद्यावर उगवणारे शुल्क, या सगळ्यांचा समावेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या तेरा फसव्या प्रकारांत आहे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिनाभरात तक्रार निकाली काढावी लागते. त्याच नियमांत एक फारसे कोणी न वाचलेले कलम आहे: ॲप स्वतः व्यवहार रद्द करते तेव्हा तेवढेच शुल्क सोसत नसेल, तर ग्राहकाने रद्द केल्यावरही शुल्क लावता येत नाही. पुढच्या वेळी रद्दीकरणाचे शुल्क कापले गेले तर ईमेलमध्ये हे कलम लिहून पाहा. उत्तराचा सूर बदलतो. माझी स्वतःची इच्छा मात्र साधी आहे: सहलीच्या कंपन्यांनी निघण्याच्या आठ दिवस आधी प्रत्येक हॉटेलचे पक्के नाव आणि प्रत्येक ठिकाण त्या तारखेला उघडे असल्याची खात्री लेखी कळवावी. एवढे झाले तर माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणे बंद होतील आणि मला त्याचे मुळीच वाईट वाटणार नाही.

तुमच्या पत्राला कंपनी बहुधा पुढच्या सहलीवर सवलतीचे कूपन देऊ करील. ते घेऊ नका. त्याला मुदत असते, अटी असतात आणि ते वापरायचे तर पुन्हा तिलाच पैसे द्यावे लागतात. रोख तडजोड देऊ केली आणि ती तुमच्या कागदोपत्री बेरजेच्या जवळ असेल तर मी स्वीकारायला सांगेन. फक्त ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या तडजोडपत्रावर सहाही जणांनी सही करायची ती रक्कम खात्यात जमा झाल्यावरच.